हंसराजची बाजू

मावशीच्या घरात बोलायचं म्हणजे मोठ्यानेच बोलावं लागे. पुढच्या पडवीत काकांचे पॉवरलूम चालत, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे, समोरच्या बोळात आणखी कुणाकुणाचे. लाइट असेपर्यंत सगळ्या मोहल्ल्यात एकच खटखट भरलेली असायची. पाण्याच्या हंड्यावरची ताटली थरथरायची, फडताळातल्या कपबश्या किणकिणायच्या, आणि जेवताना मीठ हवं असलं तर मी बोट दाखवायची. मी वाढले पेपर मिलच्या कॉलनीत. तिथे ठरल्या वेळी भोंगा व्हायचा आणि मधल्या वेळात सागाच्या झाडांवरचे पोपट ऐकू यायचे. माझे वडील नोकरीसाठी जळगावकडून येऊन त्या मिलमध्ये लागले होते. शाळा संपली आणि पुढच्या शिक्षणासाठी मला बऱ्हाणपूरला, आईच्या थोरल्या बहिणीकडे ठेवायचं ठरलं. पहिले आठ-दहा दिवस त्या आवाजाने माझं डोकं ठणकलं. मग असं झालं की सुट्टीत कॉलनीत गेले की तिथल्या शांततेत मला झोप येईना.

मला पोचवायला आई आली होती. गाडीने चांदनी स्टेशन सोडलं तेव्हा डब्यात आमच्या बाकावर दुसरं कुणी उरलं नव्हतं. आई पदर सारखा करत म्हणाली, "निमा, एक लक्षात ठेव. मावशीला एक मुलगी होती. तू तेव्हा रांगत होतीस. गोवराने गेली. त्या घरात तो विषय कधी काढायचा नाही." मी विचारलं, "नाव काय होतं तिचं?" आई खिडकीबाहेर बघत राहिली. "तुला कशाला हवंय नाव," एवढंच म्हणाली. मुलगी गेल्यावर मावशी कितीतरी महिने आमच्याकडे होती, अन्नपाणी सोडून भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, आई तिला चमच्याने पेज भरवायची, हेही तिने मला त्याच प्रवासात सांगितलं. मग बऱ्हाणपूर आलं, आणि टांग्यात बसल्यावर आई एकदम भाजीच्या भावांवर बोलायला लागली.

मी पाहिली ती मावशी मात्र भिंतीकडे तोंड करणारी नव्हती. ती सारखी बोलायची, हसायची, शेजारणीच्या बकऱ्यांना नावं ठेवायची. तिच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा मी आजही जिभेवर आणू शकते. काका मूळचे जसोंडी गावचे. तिथे त्यांच्या भावांची केळी होती, म्हणून घरात कोपऱ्यात कायम घड टेकवलेला असायचा आणि कच्च्या केळ्यांची भाजी आठवड्यातून दोनदा तरी व्हायची. काका कमी बोलत. सुताच्या धुरळ्याने त्यांच्या भुवया नेहमी पांढुरक्या दिसायच्या. कॉलेजहून यायला मला उशीर झाला तर ते बोळाच्या तोंडाशी उभे असत आणि मी दिसले की काही न बोलता पुढे चालू लागत. मावशी आणि ते एकमेकांशी फार जपून वागत. "ताट वाढू?" "वाढ." "भाजी घेता?" "दे थोडी." दोघंही जणू दुसऱ्याच्या घरी पाहुणे आलेले. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. लग्नाला बरीच वर्षं झाली की नवराबायको असेच वागत असतील, असं मला वाटे.

संध्याकाळी लाइट जायची. रोज जायची, आणि एकदम सगळा मोहल्ला गप्प व्हायचा. त्या गप्प वेळेत कुणाचं मूल रडतंय, कुणाच्या कढईत फोडणी पडतेय, सगळं स्वच्छ ऐकू यायचं. मावशीला तो वेळ आवडत नसे. ती लगेच कंदील पेटवायची, चरखा ओढून मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसायची आणि मला म्हणायची, "काहीतरी बोल वं." मी वाचत असायची. एक दिवस ती म्हणाली, "मनातल्या मनात काय वाचून राहिली? मोठ्यानं वाच ना. मीबी ऐकीन." तेव्हापासून वाचनालयातून आणलेलं पुस्तक मी मोठ्याने वाचू लागले. काका पडवीत बंद मागांपाशी बसून बिडी ओढत. मधलं दार उघडं असे. ते ऐकतात की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

अशीच एकदा एक जाड कादंबरी हाती आली. परदेशी पुस्तकाचा अनुवाद होता. वरचा पुठ्ठा आणि पहिली पानं गेलेली, त्यामुळे कुणी लिहिली, नाव काय, ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्या कादंबरीत एक शहर होतं, भोवती उंच भिंत असलेलं. तिथला नियम असा की माणूस मेलं की त्याचं नाव पुन्हा घ्यायचं नाही. दुःखात माणसं कामाला ढिली पडतात, म्हणून सरकारने दुःखच बंद केलं होतं. कुणी गेलं की दुसऱ्या दिवशी राखाडी कोटातली माणसं दारात येत, गेलेल्याचे कपडे, वाटी, अंथरूण गोळा करून नेत, आणि तिथून पुढे घरात ते माणूस कधी नव्हतंच असं वागायचं. भिंतींमध्ये ऐकणाऱ्या पेट्या बसवलेल्या होत्या. नाव तोंडातून निघालं की घेणाऱ्यालाही नेत. अशा शहरात मिरेन नावाची एक बाई आणि तिचा नवरा हान्स राहतात, आणि त्यांचा लहान मुलगा तापाने जातो.

तिथवर आले आणि मी थांबले. आईने गाडीत सांगितलेलं आठवलं. मी पुस्तक मिटून म्हटलं, "मावशी, हे फार रडकं आहे. उद्या दुसरं आणते." चरखा न थांबवता मावशी म्हणाली, "कायले? चांगलं तर हाये. त्या बाईचं पुढं काय होते ते तर पाहू दे." दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले तेव्हा काकांनी मला पडवीत थांबवलं. सुताचा तुटलेला धागा जोडत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते पुस्तक वापस करून टाक, माय. तुह्या मावशीले झेपनार नाही." मी मान हलवली. पण संध्याकाळी लाइट गेली तशी मावशी कंदील घेऊन बसली, "कुठं आहे माझी मीराबाई?" म्हणाली, आणि काका स्वतःच पडवीतून उठून उंबऱ्यावर येऊन बसले. मी पुस्तक उघडलं.

मिरेनची तिने मीराबाई केली होती आणि हान्सचा हंसराज. ती परकी माणसं दोन दिवसांत आमच्या घरची झाली. मीराबाईने रात्री काय खाल्लं असेल, त्या थंडीच्या मुलखात भाकरी कशाची करत असतील, याची मावशीला काळजी. कॉलेजहून आले की पाणी द्यायच्या आधी ती विचारायची, "तू पुढं वाचून तर नाही घेतलं ना एकटीनं?" पुढे त्या कादंबरीत राखाडी कोटवाले येतात. मुलाचं सामान भरून निघतात, आणि त्यांच्या नजरेतून पलंगाखाली गेलेला एक बूट सुटतो. तो मिरेनने पाहिलेला असतो, पण ती पाय पुढे करून उभी राहते. हान्स खाली वाकतो, तो बूट काढतो आणि त्यांच्या हातात देतो. हे वाक्य मी वाचलं मात्र, मावशीने चरख्याची मूठ सोडली.

"दिला? स्वतःच्या हातानं?"

"हो. असंच लिहिलंय."

"दगड हाये तो. मानूस नाही. एवढा एक बूट, राहू दिला असता तर काय बिघडलं असतं?"

उंबऱ्यावरून काकांचा आवाज आला. इतक्या दिवसांत पुस्तकावर ते पहिल्यांदाच बोलत होते. "अन् सापडला असता तर? बायकोले नेलं असतं त्याच्या."

"नेलं तर नेलं असतं," मावशी म्हणाली. "मीराबाईले चाललं असतं ते."

"त्याले नसतं चाललं," काका म्हणाले.

त्या दिवसापासून रोज भांडण. ज्या दोघांना भाजीत मीठ कमी आहे हे सांगायलाही संकोच वाटायचा, ती दोघं त्या परक्या नवराबायकोवरून तावातावाने बोलू लागली. हान्स कामावर जातो, परत येतो, गुमान जेवतो, मुलाचं नाव काढत नाही. मिरेन मोरीत पाण्याचा नळ सोडून त्या आवाजात नाव पुटपुटते. मावशी म्हणायची, याला काही वाटतच नाही, मूल याचं नव्हतंच जसं. काका म्हणायचे, तो कामावर जातो म्हणून घरात चूल पेटते. मावशी म्हणायची, चुलीचं काय घेऊन बसले. हंसराजचा राग काकांच्या ताटावरही निघायचा. ज्या दिवशी हान्स फार गप्प राही, त्या दिवशी काकांच्या भाकरीवर तुपाचा थेंब नसे. काका निमूट कोरडी भाकरी मोडत आणि मला हळूच म्हणत, "उद्या हंसराजले थोडं बोलतं कर, माय." मला हसू यायचं. त्याच वेळी भीतीही वाटायची, कारण आईचे शब्द माझ्या मनातून गेले नव्हते. मावशी एखाद्या सकाळी उठलीच नाही तर, असं वाटून मी पहाटे तिच्या बांगड्यांचा आवाज येतो का ते ऐकत पडून राही.

माझी नात पुण्याला असते. अशा कादंबऱ्यांना ती डिस्टोपियन म्हणते, तिच्या कपाटात रांगेने उभ्या आहेत. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे होते तेव्हा तसल्याच कुठल्याशा पुस्तकातली एक पोरगी मेली म्हणून ती दुपारभर उशीत डोकं घालून रडत होती. तिची आई सांगत होती, अगं, खरं आहे का ते, उठ, जेवून घे. मी सुनेला खूण करून बाहेर बोलावलं आणि नातीचं ताट झाकून ठेवलं. आपण पाहिलेलीही नाहीत अशी माणसं आपल्याला कशी आणि कुठे भेटतात, हे मला कुणाला समजावून सांगता येत नाही. मी फक्त एका घरात ते घडताना पाहिलंय.

मावशीच्या घरातला तो दिवस सणावाराचा नव्हता. मावशीने सकाळी भरीत केलं होतं, त्याचा धुरकट वास अजून घरात होता. लाइट गेली, कंदील लागला, मी वाचायला घेतलं. त्या प्रकरणात मिरेन नवऱ्याला विचारते, तुला तो आठवतो का? हान्स उत्तर देत नाही, उठून खिडकी लावतो. बस, एवढंच. मावशी उसळली.

"पाहा! ती विचारून राहिली, अन् हा खिडकी लावते! एक शब्द बोलला असता तर जीभ झडली असती का याची? अशा मानसाजवळ बाईनं राहावं तरी कसं?"

"तो गलत नाही," काका म्हणाले. ते बिडी पेटवत होते, ती पेटलीच नाही. "त्याले भेव वाटते. नाव काढलं का ही पुन्हा अन्नपानी सोडीन. पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडीन. हाक मारली तर ओ देनार नाही. एकडाव पाहेल हाये त्यानं. पुन्हा नाही पाहू शकत तो."

मी पुस्तकात इतकी बुडालेली होते की पटकन म्हणाले, "पण काका, असं कुठे लिहिलेलंच नाही. मिरेन आजारी पडतच नाही. ती तर दुसऱ्या दिवसापासून कामावर जाते."

म्हणाले आणि मग मला कळलं. चरखा थांबला होता. मावशी काकांकडे बघत होती आणि काका त्या न पेटलेल्या बिडीकडे. शेजारी कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला. कंदिलाच्या उजेडात मावशीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी भाषा अचानक समजायला लागावी तसा तो चेहरा होता.

"मले वाटलं," ती हळू म्हणाली, "तुमी विसरले."

"कायले विसरीन?"

"बहिणीकडून वापस आली तर घरात एक फ्रॉक नव्हता तिचा. एक बांगडी नव्हती. तुमी काई बोलले नाही. मीबी नाही बोलली. मले वाटलं, यायले बरंच वाटून राहिलं असन, घर साफ झालं म्हनून."

काकांनी बिडी खाली ठेवली. "कपडे जसोंडीले दिले होते. भावाच्या पोरीले. ती घालून अंगनात खेळे. मी लई दिवस जसोंडीले गेलोच नाही मग. केळी पाहाले जायचं तर बाहेरच्या बाहेर वावरात जाऊन येत होतो. तुले वाटे मह्यं भावासंग भांडन झालं."

"हो," मावशी म्हणाली. "मले तेच वाटे."

मी उठून आत जायला हवं होतं, पण मी तिथेच बसून राहिले. मावशीने गुडघ्यावरचं सूत बाजूला केलं आणि म्हणाली, "नाव घ्या तिचं. मले तुमच्या तोंडून ऐकायचं हाये."

काका गप्प. इतका वेळ गप्प की हा माणूस आता उठून खिडकी लावेल असं मला वाटलं. मग त्यांनी घसा साफ केला. म्हणाले, "शालू." आणि मग धरण फुटल्यासारखं, "शालू. शालूबाई. मही शालूबाई." मावशीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडते आहे म्हणून मी पुढे झाले, तर ती रडत होती आणि हसतही होती. "बाई तर फक्त तुमीच म्हनत होते तिले," ती म्हणाली. "एवढीशी होती अन् म्हने शालूबाई. अन् तीबी मोठ्या बाईसारखी कमरेवर हात ठेवून ओ द्यायची."

तेवढ्यात लाइट आली. सगळ्या मोहल्ल्यात माग सुरू झाले, फक्त आमचे तेवढे बंद होते. काही वेळाने भिंतीपलीकडच्या कारखान्यातले चाचा दारात आले. "क्या भाई, मशीन नहीं चलाई? सब खैरियत?" काकांनी तोंड पुसलं. "हाँ चाचा, सब खैर है. आज बंद ही रहने दो." चाचांनी एकदा आत पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि काही न विचारता गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन खिचडी टाकली. शेजारच्या मागांच्या खटखटीत मला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. ती दोघं एकमेकांच्या कानाशी वाकून बोलत होती, एवढंच दारातून दिसत होतं. खिचडी खाली थोडी लागली. मावशीने दोनदा वाढून घेतली.

पहाटे बांगड्या वाजल्या. मी अंथरुणात उठून बसले आणि माझ्याच नकळत मला रडू फुटलं.

मग शालू त्या घरात यायला लागली. जेवताना, कांड्या भरताना, वाळवण घालताना. ती दराब्याच्या मिठाईचा डबा कसा शोधून काढायची, काकांच्या खांद्यावर बसून ताप्तीवर जाताना रस्त्यातल्या प्रत्येक बैलाला नमस्कार कशी करायची. मागांच्या आवाजातच जन्मलेली, म्हणून त्या आवाजात ती गाढ झोपायची, आणि लाइट गेली, माग थांबले, की दचकून उठून रडायची. हे मावशीने सांगितलं तेव्हा संध्याकाळच्या त्या गप्प वेळेत ती मला "काहीतरी बोल वं" का म्हणायची, ते माझ्या ध्यानात आलं. सगळं गोडच झालं असं नाही. एकदा शालूच्या आजारावरूनच कडकडून भांडण झालं. डॉक्टरांकडे आधी न्यायला हवं होतं असं मावशी म्हणाली, काका ताटावरून उठून गेले, दोन दिवस घरात तणतण होती. पण ते भांडण त्यांचं स्वतःचं होतं. तिसऱ्या दिवशी काका तिच्यासाठी मावा जिलेबी घेऊन आले आणि पुडी पडवीतच विसरले. ती मुंग्या लागल्यावर सापडली.

कादंबरी पुरी करायचीच होती. मावशीने सोडलं नाही. शेवटी हान्स भर चौकात, त्या ऐकणाऱ्या पेटीसमोर उभा राहून मुलाचं नाव मोठ्याने घेतो, आणि राखाडी कोटवाले त्याला घेऊन जातात. मिरेन गर्दीतून ते पाहते. पुस्तक तिथेच संपतं. जिने इतके दिवस त्याला दगड म्हटलं होतं ती मावशी त्या हंसराजसाठी पदर तोंडात धरून रडली. मला ते पान पुन्हा वाचायला लावलं, जणू दुसऱ्यांदा वाचलं तर तो सुटेल. "लिहिनाऱ्याले दया नाही," ती म्हणाली. काका म्हणाले, "मीराबाईनं ऐकलं ना पन. तिच्या कानावर गेलं ना. मंग झालं."

माझं लग्न मिलच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये झालं. तोवर काकांच्या भुवया खरोखरच पांढऱ्या झाल्या होत्या. पंगतीत माझ्या सासरच्या एक बाई मावशीजवळ बसल्या होत्या. जिलेबी वाढणारे काका तिचे यजमान आहेत हे कळल्यावर त्यांनी सहज विचारलं, मुलंबाळं किती तुम्हाला? मी समोरच्या पाटावर होते. आईचा हात माझ्या शेजारी ताटातच थांबला. मावशीने काही बोलायच्या आधी काका परात कमरेला टेकवून उभे राहिले.

"एक पोरगी," ते म्हणाले. "शालू. चार वर्षांची होती, गेली."

"साडेचार," मावशी म्हणाली, आणि त्यांच्या परातीतली एक जिलेबी उचलून त्या बाईंच्या ताटात ठेवली.